आपल्या वेळेनं दहा मिनिटं

कंट्रोलर मामांनी कुणाला 'कुठं चाललात' असं विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. ते विचारत, "वापस कधी?" देऊळगाव राजाच्या बसस्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते. खिडकीशी आलेला माणूस जालन्याची गाडी विचारी. मामा त्याला आधी जालन्याहून परत येणारी शेवटची गाडी सांगत आणि मग जायची. पुष्कळांना हे विचित्र वाटे. एकदा एक बाई वैतागून म्हणाल्या, "साहेब, मले अजून जायचं हाय, अन् तुम्ही मले आणूनच राह्यले." मामा शांतपणे म्हणाले, "जाणं तुमच्या हातात हाय बाई. आणणं माह्या."

ते माझ्या आईचे थोरले भाऊ. मनगटी घड्याळ ते मनगटाच्या आतल्या बाजूला बांधत, म्हणजे लिहिताना हात न वळवता वेळ दिसे. त्यांच्यासमोर एक लांब नोंदवही असे: गाडी आली कधी, सुटली कधी, उशीर किती, उशिराचे कारण काय. त्या वहीत 'अंदाजे' हा शब्द नव्हता. कारणाच्या रकान्यात टायर, नदीला पाणी, चालक, वाहक असं जे असेल ते येई. जे स्वतः पाहिलं नाही ते ज्यानं सांगितलं त्याच्या नावावर लिहायचं, हा त्यांचा नियम. लोणारची गाडी एकदा सात मिनिटं उशिरा आली. ड्रायव्हर म्हणाला, रस्त्यात बैल आडवे आले. मामांनी लिहिलं, 'बैल आडवे आले, असे चालक म्हणतात.' ड्रायव्हर चिडला. "म्हणतात म्हंजे? मी लबाड हाओ का?" मामा म्हणाले, "तू लबाड नाहीस. पण मी तिथं नव्हतो." मग तो म्हणाला, "सगळ्यायचं कारण लिवता साहेब, तुमचं कधी लिवता?" स्टँडवर या वाक्याची पुढे बरीच वर्षं थट्टा चालली. मामांच्या वहीत उशिराचं कारण म्हणून नियंत्रक कधीच आला नव्हता.

मामी साखरखेर्ड्याची. शाळा तिसरीपर्यंत. तिच्या स्वयंपाकघरात चुलीच्या वरच्या भिंतीवर लोणारच्या एका बियाण्यांच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. वर्ष सरल्यावर तिनं तारखांचा भाग कापून टाकला आणि चित्र ठेवलं. खाली गर्द झाडी, वर बर्फाचे डोंगर. धुरानं ते पिवळं पडलं होतं. ती अधूनमधून विचारी, "अवो, हे खरंच एवढं पांढरं असते, का यायनं रंगवलं?" मामांचं उत्तर ठरलेलं होतं. "मी पाह्यलं नाही. कसं सांगू?"

आपलं मराठी राज्य होऊन सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा मामीला भिंतीच्या कडा लागू लागल्या. दाराच्या चौकटीवर खांदा आपटे, ताटाशेजारचा गडू दिसत नसे. औरंगाबादच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली वर्ष-दोन वर्षं टिकेल असं ते म्हणाले. मी तेव्हा अकोल्याच्या एका दैनिकात नुकताच लागलो होतो. भेटायला गेलो, तर मामीनं हातातली बांगडी काढून डोळ्यासमोर धरली. "हे पाय. एवढ्यातूनच दिसते मले. बांगडीच्या बाहीर काईच नाही." मामा जेवत होते. त्यांनी हात धुतले आणि कॅलेंडरकडे बराच वेळ पाहत उभे राहिले. पुढच्या रविवारी ते जालन्याला गेले आणि स्टेशनवरून रेल्वेच्या वेळापत्रकाचं जाड पुस्तक घेऊन आले.

नेपाळला जायचं ठरलं. जायचे पाचजण: मामा, मामी, त्यांचा मुलगा वसंता, सून सुमन आणि मी. मला घेतलं, कारण वसंताच्या मते वर्तमानपत्रवाल्याला हिंदी बोलता येतं. मामांनी शंभर पानी वही घेतली आणि शेवटच्या पानापासून लिहायला सुरुवात केली. पहिली नोंद होती घरी परत पोचण्याची. तिथून ते एकेक गाडी मागे जात राहिले. जालना ते मनमाड मीटरगेजची लहान गाडी, मनमाडहून मोठी, मुगलसरायला बदल, पाटण्याला आगबोटीनं गंगा ओलांडायची, पलीकडे पुन्हा लहान गाडी ती थेट रक्सौलपर्यंत, आणि सरहद्दीपलीकडे भाड्याची मोटार. डोंगर चढताना दामन नावाचं ठिकाण लागतं, तिथून हिमालयाची सगळी रांग दिसते, असं त्यांनी जालन्याच्या एका व्यापाऱ्याकडून समजून घेतलं होतं. वहीत लिहिलं होतं, 'दिसते, असे ते म्हणतात.'

नेपाळच्या पानांवर वेळेचे दोन रकाने होते: 'आपली वेळ' आणि 'तिकडची वेळ'. नेपाळचं घड्याळ तेव्हा आपल्यापेक्षा दहा मिनिटं पुढे असे. मामांना या दहा मिनिटांचं फार अप्रूप होतं. स्टँडवरचा चहावाला म्हणाला, "पासपोर्ट लागत नाही, तो कायचा परदेश, साहेब?" मामा म्हणाले, "जिथं घड्याळ बदलावं लागते, तो परदेश." "दहा मिनिटं तर आपली मेहकर गाडी रोजच बदलते," चहावाल्यानं ऐकवलं. लोक विचारत, पशुपतीला चाललात का. मामा सांगत, "दर्शन होईन तर होईन. आम्ही पाह्याले चाललो." आमच्या गावात नुसतं पाहण्यासाठी इतक्या लांब तोवर कुणी गेलेलं नव्हतं.

बालाजीच्या यात्रेत जादा गाड्या असत, तेव्हा नियंत्रकाला रजा नसे. म्हणून दिवाळीनंतरचा मुहूर्त धरला. रजा मंजूर झाल्या, सुमननं दशम्यांचं पीठ काढून ठेवलं. आणि ऑक्टोबरचं नवं वेळापत्रक आलं. परतीची मोठी गाडी आता मनमाडला पंचवीस मिनिटं उशिरा येणार होती. येताना जालन्याची गाडी चुकत होती आणि पुढच्या गाडीपर्यंत फलाटावर अकरा तास काढावे लागणार होते. मामांनी वही मिटली. "एप्रिलमध्ये पुन्हा बदलते. तेव्हा जाऊ."

मामी तेव्हा एकदाच बोलली. "येतानाचे अकरा घंटे मी बसन फलाटावर. जातानाची गाडी तर लागून हाय न?"

"येणं नीट नाही, तर जायचं काऊन?" मामा म्हणाले.

घरात सगळ्यांनी ते मान्य केलं, मीही. नियोजन त्यांचं होतं, आणि त्यांचं नियोजन चुकलेलं आम्ही पाहिलं नव्हतं.

एप्रिलचं वेळापत्रक जुळलं. आम्ही निघालो. मनमाडच्या फलाटावर मामी मला म्हणाली, "आता बांगडी नाही राह्यली. अंगठी झाली." मामा दोन पावलांवर उभे होते. त्यांनी ऐकलं असावं. पुढल्या सगळ्या प्रवासात प्रत्येक डब्यात त्यांनी तिला खिडकी दिली आणि बाहेर काय चाललंय ते हळू आवाजात सांगत राहिले: सिग्नल, नदी, गव्हाच्या गंजी. अंगठीत काय धरायचं, ते तिला आधी कळावं म्हणून. पाटण्याला आगबोटीवर तिनं विचारलं, "पलीकडचा काठ कुठं हाय?" मामा म्हणाले, "अजून मलेही दिसत नाही." ती हसली.

सरहद्द ओलांडल्यावर मामांनी मोटार थांबवायला लावली, घड्याळ काढलं आणि काटा दहा मिनिटं पुढे केला. वसंता म्हणाला, "बाबा, एवढ्यासाठी काय बदलता? परत मागं घ्यावंच लागन." मामा म्हणाले, "जिथं असू तिथली वेळ पाळायची. नाहीतर घरीच राह्यचं."

चढणीला लागल्यापासून समोर धुरकट पांढुरकं आभाळ होतं. रानं पेटवल्याचा वास येत होता. दामनला काही दिसलं नाही. मोटारीचा ड्रायव्हर तिकडचाच, बोलका. तो म्हणाला, "बाबूजी, चैत में पहाड़ नहीं दिखता. कार्तिक में आना था. कार्तिक में तो गिन लो एक-एक." मामा पुढच्या सीटवर होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. काठमांडूपर्यंत वहीतली दिवाळीनंतरच्या बेताची पानं त्यांच्या मांडीवर उघडी होती.

काठमांडूत तीन दिवस वहीप्रमाणे पार पडले. देवळं, चौक, लाकडी खिडक्या. जवळचं मामीला दिसत होतं, आणि जे दिसत नव्हतं त्यावर ती हात फिरवून पाही. एका खांबावरच्या कोरीव मोरावर तिनं बराच वेळ बोटं फिरवली. मामा रोज पहाटे गच्चीवर जाऊन उत्तरेकडे पाहत आणि खाली येऊन चहा अर्धा टाकत.

परतीच्या दिवशी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आम्ही पुन्हा दामनला पोचलो. संध्याकाळची गाडी रक्सौलहून होती, म्हणून दहाला तिथून सुटायचं असं वहीत होतं. रस्त्याच्या कडेला सपाट जागा, एक चहाची टपरी, आणि पुढे दरी. दरीपलीकडे धुरकट पडदा. ड्रायव्हरनं बोट करून सांगितलं की पूर्ण रांग समोरच आहे. मामांनी मामीला सगळ्यांच्या पुढे उभं केलं आणि तिच्या हनुवटीला धरून तोंड बरोबर उत्तरेला वळवलं. मग ते तिच्या मागे उभे राहिले.

दहा वाजले. वसंता म्हणाला, "बाबा, निघू. घाटात अडकलो तर गाडी जाईन."

मामांनी घड्याळ पाहिलं. "इथले दहा वाजले," ते म्हणाले. "आपल्या वेळेनं अजून दहा मिनिटं हायेत."

वसंता माझ्याकडे पाहू लागला. सरहद्दीवर त्यांनीच त्याला काय सुनावलं होतं, ते आम्हा दोघांच्याही लक्षात होतं. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. मामांनी हात वर करून त्याला थांबवलं, जसे ते स्टँडवर सुटायच्या गाडीला थांबवत.

मामीची मान थोडीथोडी हलत होती. मग तिनं बोट उचललं. "दिसलं."

"कुठं वं?"

"ते काय. खाली झाडं, वरतं पांढरं. कॅलेंडरात हाय तसंच."

तिच्या बोटाच्या दिशेनं मामांनी पाहिलं. मीही पाहिलं. माझी नजर तेव्हा उत्तम होती. तिथं धुकटाशिवाय काही नव्हतं. सुमननं मान खाली घातली.

"रंगवलेलं नाही न?" मामांनी विचारलं.

"नाही. खरंच एवढं पांढरं हाय. मन भरलं माहं. चला आता, तुमची गाडी जाईन."

मामा माझ्याकडे वळले. "तुले दिसलं का बे?"

मी हो म्हणालो.

मामीचा हात धरून त्यांनी तिला मोटारीत बसवलं, खिशातून वही काढली आणि उभ्यानंच दोन ओळी लिहिल्या. गाडी आम्हाला मिळाली. मनमाडलाही मिळाली. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी आम्ही देऊळगावच्या स्टँडवर उतरलो.

पुढच्या दिवाळीपर्यंत मामीची दृष्टी पूर्ण गेली. चुलीवरचं कॅलेंडर तसंच राहिलं. कुणी आलं की ती सांगे, "हे आम्ही पाह्यलं," आणि मामा तिथं असले तर दुसरीकडे पाहत. नऊ वर्षांनी ते निवृत्त झाले. त्यानंतर दोन हिवाळ्यांनी, दुपारचं जेवण झाल्यावर बसल्या जागी गेले.

चौदावा झाल्यावर मामीनं मला ती वही काढायला लावली. म्हणाली, "दामनचं वाच." मी पान उघडलं आणि थांबलो. तिनं ओळखलं. "वाच न. मले काय दिसणार होतं रे बापा तिथं? डायवर बोलला तेव्हापासून यायचा घास गिळत नव्हता. अन् मी नाही म्हटलं असतं, तर हे तिथंच उभे राह्यले असते, अन् गाडी गेली असती. तू वाच."

काही शब्द गाळता आले असते. मी जसं होतं तसं वाचलं.

"दामन. पोचलो नऊ-दहा. सुटायची वेळ दहा. सुटली दहा-दहा. हिमालय दिसला, असे सौ. म्हणतात. उशिराचे कारण: नियंत्रक."

माझं नाव त्यात कुठं नव्हतं. माझी साक्ष त्यांनी घेतली नव्हती.

मामीनं हात पुढे करून वहीच्या पानावरून बोटं फिरवली. "असे सौ. म्हणतात," ती म्हणाली. "म्हणजे समजलं होतं त्यायले." मग, "उशीर दहाच मिनिटांचा लिवला?"

"हो."

"सहा महिन्याचा व्हता," ती म्हणाली. "तोच लिवला त्यायनं."

मी गेली तीस वर्षं नव्या वार्ताहरांना सांगत आलो आहे: जे तुम्ही पाहिलं नाही, ते ज्यानं सांगितलं त्याच्या नावावर लिहा. हे कुठून शिकलो, ते कुणाला सांगितलेलं नाही.

त्या दिवशी वही जागेवर ठेवून मी पिशवी उचलली. पाया पडलो. मामीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि आवाजाच्या अंदाजानं दाराकडे तोंड करून विचारलं,

"वापस कधी?"

मी तिला वार सांगितला, आणि गाडीची वेळ.