कैदाशिणीची धार

कुठल्या तोंडानं सांगू आता! ज्या तोंडानं पस्तीस वर्षं भोरच्या शाळेत पोरांना शुद्ध मराठी शिकवलं, त्याच तोंडानं मी माझ्या मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडत आणलं होतं. तेही एका म्हशीपायी. हसा, हसा. चहा तेवढा सांडू नका.

त्याचं काय झालं, निवृत्तीनंतर आम्ही गुंजवण्याच्या अलीकडे, बायकोला माहेरून मिळालेल्या जमिनीवर घर बांधून राहायला गेलो. बायको म्हणजे आमची सुमन. तिनं वर्षभरात एक गाय, चार शेळ्या आणि डझनभर कोंबड्या असा संसार मांडला आणि बिनबोभाट चालवला. मला ते बघवेना. बायकोचं कौतुक गावानं केलेलं कुठल्या नवऱ्याला बघवतं?

मग मी धोशा लावला. गायीच्या दुधाला साय नाही, चहाला रंग नाही, म्हैसच हवी! मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून मी तोवर पंडित झालो होतो. म्हैस म्हणजे गरीब जनावर. भाताचा पेंढा खाते, डोहात डुंबते, घट्ट दूध देते. नखरे म्हणून नाहीत!

"आणा," ही म्हणाली. "पण म्हैस तुमची, शेण तुमचं आणि धारही तुमची. आमच्या घरात सात पिढ्यांत म्हैस नव्हती, मी तिच्या वाटेला जाणार नाही."

पालीच्या नथूभाऊंची व्यालेली म्हैस रेडकासकट टेम्पोतून आणली. टेम्पोतून उतरतानाच तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की शाळा तपासायला आलेले साहेब आठवले.

आता धार काढायला मी हिच्या गायीवर शिकलेलो. वासरू सोडलं, त्यानं दोन ढुशा दिल्या की गाय पान्हा सोडते. शेळीला तेवढाही धीर नसतो, बसलं की काम सुरू. कोंबडीला तर माणूसच लागत नाही, ती अंडं घालून वर स्वतःच दवंडी पिटते. म्हशीचंही असंच असणार, नाही का? रेडकू सोडलं, बाजूला घेतलं, बसलो, दोन मिनिटं पिळलं. थेंब नाही! उठलो. संध्याकाळी पुन्हा बसलो. पुन्हा उठलो. सरकी घातली, पाठ खाजवली, "माते" म्हणून हात जोडले. काही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ही दारात उभी राहून गोड आवाजात म्हणाली, "अहो, चहा गायीच्याच दुधाचा ठेवू ना?"

लागला ना जिव्हारी! तडक नथूभाऊंना फोन लावला.

"गुरुजी, तिची धार आमची आई काढायची," नथूभाऊ म्हणाले. "आन आई धार काढताना तिला लई बोलायची बगा."

"बोलायची म्हणजे? गप्पा मारायची?"

"शिव्या ओ! त्याची सवय हाय तिला. थांबा, आईलाच देतो."

फोन स्पीकरवर टाकून मी म्हशीजवळ ठेवला आणि कास चोळत बसलो. नथूभाऊंच्या आईनं, म्हणजे जनाआत्यांनी, सुरुवात केली ती थेट "तुझं मढं बशिवलं" इथून. मग कैदाशिणी, मग भवाने, मग म्हशीच्या आईचा उद्धार, मध्येच माझ्या तब्येतीची चौकशी, पुन्हा मढं. चांगली दहा मिनिटं तोफखाना चालला होता. आणि काय सांगू, म्हैस पाझरली! चरवी भरली हो!

पण रोज फोन कसा लावणार? आमच्याकडे रेंज येते ती गच्चीवरच्या एका कोपऱ्यात, तीही तिच्या मर्जीनं. त्या दिवशी गोठ्यात लागली हे नवलच. म्हणजे शिव्या मलाच द्यायला हव्या होत्या. मला! वर्गात कुणी "च्यायला" म्हटलं तरी ज्यानं पोरांना अंगठे धरून उभं केलं, त्याला!

पहिल्या दिवशी मी म्हणालो, "हे कृतघ्ने, तुझी वर्तणूक अत्यंत लज्जास्पद आहे!" आणि संपलं. पुढे सुचेचना. म्हशीनं शांतपणे शेपूट उचललं आणि काय करायचं ते माझ्या पायाशी केलं. मग मी वही काढली. जनाआत्यांच्या शिव्या आठवून आठवून सुवाच्य अक्षरात लिहिल्या, पाठ केल्या, त्यात स्वतःची भर घातली. पंधरवड्यात मी न थांबता पंधरा मिनिटं बोलू लागलो. आणि म्हैस दूध देऊ लागली!

इथपर्यंत ठीक होतं. पण आमच्या कीर्तीचं सारोळ्याच्या एका मुलाशी जमत आलं होतं. दोघंही पुण्यात नोकरीला, पोरांनी एकमेकांना पसंत केलेलं. मुलाचे आईवडील रविवारी घर बघायला यायचे होते. कीर्तीनं आधीच बजावलं होतं, "बाबा, त्याची आई म्हणते, शिक्षण नंतर, आधी घरात माणसं एकमेकांशी कशी बोलतात ते बघायचं. नीट वागा!" पोरगी इतकी घाबरलेली मी दहावीच्या निकालालाही पाहिली नव्हती.

पाहुणे येणार होते दहाला. आले आठला! मी मागे गोठ्यात धारेला बसलेलो. कीर्ती गच्चीवर रेंज शोधत होती. पुढचं मला नंतर हिनं सांगितलं. सुमननं पाहुण्यांना बसवलं, पाणी दिलं आणि तेवढ्यात मागून माझा आवाज आला.

"खातीस तर पाटीभर! आन द्यायची येळ आली की जीव जातो व्हय गं, कैदाशिणी?"

पाहुण्यांनी पेले खाली ठेवले. आता हिनं सरळ सांगावं ना, की म्हैस आहे? पण नाही! गुरुजी शिव्या देतात हे सांगायची हिला लाज वाटली.

"टीव्ही आहे," ही म्हणाली.

मागून मी, पूर्ण रंगात येऊन, "आज सारोळ्याचं पाव्हणं यायचंत! त्यांच्याम्होरं माझं नाक कापलंस तर टांगून ठेवीन, भवाने!"

मुलाच्या वडिलांनी विचारलं, "तुमच्या टीव्हीला आमी येनार हे ठावं हाय व्हय?"

मुलाच्या आईचा चेहरा उतरला. "पोरगी कुठं हाय?"

"मागंच असेल," ही गडबडून बोलून गेली.

झालं! बाईंनी पदर खोचला आणि तरातरा मागं आल्या. मी म्हशीच्या अंगाला कपाळ टेकून बसलेलो. "सोडा त्या पोरीला!" असा आवाज आला आणि चरवीसकट मी शेणात बसलो.

बाईंनी गोठाभर नजर फिरवली. पोरगी नाही. म्हैस होती, रवंथ करत होती. तेवढ्यात गच्चीवरून कीर्ती धावत उतरली आणि माझा अवतार बघून रडायलाच लागली. "बाबा, घालवलंत ना सगळं!" खरं सांगतो, तेव्हा मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. मान खाली घालून मी बाईंना नथूभाऊंपासून वहीपर्यंत सगळं सांगितलं.

बाईंनी शांतपणे ऐकलं. मग रिकामी चरवी उचलून म्हशीजवळ बसल्या आणि कास चोळू लागल्या.

"गुरुजी, शिव्या द्यायच्या आदी नुस्तं किती येळ बसून बघितलं व्हतं?"

"दोन मिनिटं."

"आन शिव्या देताना?"

"दहा-पंधरा."

"मग! दोन मिंटांत गाय पान्हावती, म्हस न्हाई. तिला येळ द्यावा लागतो. तुमी गपगुमान चोळत बसला असता, तरी दिलंच असतं तिनं."

"पण जनाआत्या?"

"पालीची जना? लांबची आत्याच हाय ती माजी. ती देवाला दिवा लावताना देवाला बी शिव्या देती!"

चरवीत धार वाजू लागली. बाई एक शब्द बोलत नव्हत्या. बोलत नव्हत्या म्हणजे, हसू आवरत नव्हतं म्हणून बोलता येत नव्हतं. शेवटी कीर्तीकडे वळून म्हणाल्या, "रडतीस कशाला? बाप एका म्हशीसाटी एवडं पाठांतर करतो, म्हंजी मानूस कष्टाळू हाय. लग्नाच्या याद्या करून टाकू आजच."

माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड मिटून बसलो. दहा मिनिटं कास चोळली. म्हशीनं काठोकाठ चरवी भरून दिली, वर एक लाथ नाही की एक फुत्कार नाही. दूध घेऊन घरात आलो. हिनं विचारलं, "काय झालं? तोंड का पडलंय?"

काय सांगणार तिला? दूध तेवढंच होतं हो, पण मजाच आली नाही.