आहेराच्या वहीतले घेणेकरी

एका आठवड्यात त्रेसष्ट पाहुण्यांना कोर्टाच्या नोटिसा धाडायचा मान मोहाडीत आजवर कुणी मिळवला नव्हता. तो विणकर खेमराज निनावेने मिळवला, आणि तोही स्वतःच्या टपालखर्चाने.

झालं असं. दोन हजार आठच्या हिवाळ्यात प्रदर्शनवाल्या एका शेठला खेमराजने कोशा रेशमाच्या चाळीस साड्या उधारीवर दिल्या, नि शेठ तंबूसकट गायब झाला. सूत-व्यापारी यादोरावचे एक लाख ऐंशी हजार अंगावर राहिले. यादोरावने कोर्टातून हुकूमनामा आणला, वर अटकेचं वॉरंट मागितलं. वाट एकच उरली, ती म्हणजे भंडाऱ्याच्या जिल्हा न्यायालयात नादारीचा, म्हणजे कर्ज फेडायची ऐपत नसल्याचा, अर्ज. अर्ज टिकला तर अटक टळली. फेटाळला तर खेमराज तुरुंगात.

वकिलाने आठ हजार सांगितले.

"आठ हजार असते तं मी नादार कायले झालो असतो, साहेब?" असं म्हणून खेमराजने कोर्टासमोरच्या टायपिंगवाल्याकडून वीस रुपयांत अर्जाचा नमुना आणला.

नमुन्यात बजावलं होतं : एकही घेणेकरी लपवू नये, लपवल्यास शिक्षा. खेमराज सातवी पास आणि शिक्षा या शब्दाला पहिलीपासून भिणारा. चार खरी नावं लिहून झाल्यावर त्याची नजर कोनाड्यातल्या वहीवर गेली. पोरीच्या, रुचिकाच्या लग्नात कुणी किती आहेर केला, ते त्या वहीत होतं. त्यांच्या घरी कार्य निघालं की तेवढा आहेर, वर थोडा चढवून, परत करायचा असतो. मग हे देणं नाही तर काय? दुपारभर बसून त्याने अख्खी वही अर्जात उतरवली, नि यादीतल्या प्रत्येकाला कोर्टाची नोटीस निघाली. 'शकुनबाई, करडी : एकावन्न रुपये व एक ब्लाऊजपीस.'

शकुनबाई म्हणजे बायकोची, विजयमालाची, सख्खी मावशी. नोटीस पोचली त्या संध्याकाळी विजयमालाने वहीवरून धरलेला तीन दिवसांचा अबोला मोडला. "माझ्या माहेरी पोलीस धाडायचे बाकी ठेवले काहून?"

सुनावणीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात करडीची, बायकोच्या माहेरची, अकरा माणसं रांगेने उभी होती. खेमराजकडे एकानेही पाहिलं नाही. तो पाणी प्यायला नळापाशी गेला, तर नळावर यादोराव.

"प्या, प्या. जेलमधी थंड पानी भेटत नाही म्हनतात," यादोराव म्हणाला.

आत यादोरावच्या वकिलाने यादी हवेत फडकावली. "साहेब, सदुसष्टपैकी त्रेसष्ट घेणेकरी बोगस. खोटं प्रतिज्ञापत्र आहे. अर्ज फेटाळा, वॉरंट काढा."

खेमराजचे पाय मागावर बसल्यासारखे आपोआप हलू लागले. न्यायाधीशसाहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "तुमचे वकील?"

"मीच, साहेब."

साहेबांनी यादी चाळली नि शकुनबाईंना पुढे बोलावलं. "बाई, हा माणूस तुमचं देणं लागतो?"

खेमराजने डोळे मिटले. मावशी नाही म्हणाली तर यादी खोटी. हो म्हणाली तर मावशीही यादोरावच्या रांगेत.

"लागते न," शकुनबाई म्हणाल्या. मागे कुणीतरी खोकलं. "पन मागाचं नसते, साहेब. लग्न निघालं का आपून होऊन आनाचं असते. नाही आनलं तं कोर्टात जात नाही कोनी, गावात सांगते."

साहेबांनी यादीवर बोट ठेवलं. मग खेमराजला म्हणाले, "हे कशाला लिहिलंत?"

"लपवू नका म्हनून लिवलं होतं, साहेब. अकरा रुपयावाले बी लिवले."

साहेबांनी यादोरावच्या वकिलाकडे मान वळवली. "आपल्या हरकतीत पुढे असंही आहे की यानं मालमत्ता लपवली. अकरा रुपयांचे आहेर लिहून देणाऱ्यानं काय लपवलं, ते दाखवता?"

वकिलाने कागद उलटसुलट केले. दाखवण्यासारखं काही निघालं नाही. त्रेसष्ट नावांवर काट मारली गेली, चार राहिली. खेमराज नादार ठरला. वॉरंट निघालं नाही.

बाहेर कोर्टाच्या बाबूने दम दिला. "निनावे, नादारी उठेपर्यंत पन्नास रुपये किंवा जास्तीची उधारी करायची, तर आधी समोरच्याला सांगायचं की मी नादार आहे. नाहीतर परत इथंच."

बसस्टँडवर खेमराजने खिसा चाचपला. नऊ रुपये होते, नि मोहाडीचं तिकीट अठरा. तो चालायच्या बेतात होता, तेवढ्यात शकुनबाईंनी दंडाला धरून त्याला बसमध्ये चढवलं.

"मावशी, मी नादार हाय," खेमराज घाईघाईने म्हणाला.

"आयकलं मी. कोर्टातच होतो." त्यांनी कंडक्टरकडून तिकीट घेऊन त्याच्या हातात कोंबलं. "हे अठरा झाले, जवाई. पन्नासाले अजून जागा हाय, जपून वापरा. आन् चैतात नातवाचं लग्न हाय. साहेबानं काट मारली असन, माह्या वहीत तुमचं नाव तसंच हाय."

"एकावन्न न, मावशी?"

"वर थोडं चढवून," शकुनबाई म्हणाल्या, नि खिडकीकडे तोंड करून बसल्या.