खळ्यात घातलेली ओळ

नोकरी टिकवायची तर ती भाषा शिकणं भाग होतं, नाहीतर मी कशाला त्या भानगडीत पडते! कंपनीचा एक जुनापुराणा प्रोग्रॅम त्याच भाषेत होता आणि तो लिहिणारे गृहस्थ केव्हाच निवृत्त होऊन घरी बसले होते. त्या भाषेत शब्द जवळपास नाहीतच. नुसती चिन्हं. उलटा त्रिकोण, मधोमध रेघ मारलेलं वर्तुळ, डोक्यावर दोन टिंबं असलेली चांदणी. त्यावर कहर म्हणजे ओळ लिहायची डावीकडून, पण यंत्र ती चालवणार उजवीकडून. काम घरूनच होतं, म्हणून पुण्याची खोली सोडून मी कुणकेश्वरजवळ गावी, आईकडे येऊन राहिले होते.

कागदावर गिरवून काही केल्या डोक्यात शिरेना. पाऊस सरल्यावर आईने दारापुढे नवं खळं केलं, चोपून, शेणाने सारवून अंगण गुळगुळीत झालं, तेव्हा मला सुचलं. सकाळची रांगोळी माझ्याकडेच होती. तुळशीपुढे दोन रेघा ओढल्या की उरलेल्या जागेत मी रोज एक ओळ घालायला लागले. ताटलीएवढाली चिन्हं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आई वैतागायची, दारात हे काय भुताटकीचं लिहून ठेवतेस म्हणायची. मी म्हणायचे, याच भुताच्या पगारावर घर चाललंय, गप राहा.

आठवडाभरात मासे घेऊन येणारी बाई खळ्यातून न येता कडेकडेने यायला लागली. मग दूधवाला. मला गंमत वाटायची. इतकी, की चिन्हं मी आणखी मोठी काढायला लागले.

शेजारच्या काकीची लेक तेव्हा बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले होते. त्याआधी दोनदा तिचं पोट वाया गेलं होतं, त्यामुळे काकी तिला वाराही लागू देत नसे. एक दिवस सकाळी ती लेकच आमच्याकडे आंबोळ्या द्यायला आली, आणि सरळ खळ्यातून चालत, ओळ ओलांडून आली. ओटीवर बसली, आईशी बोलली, आणि तशीच ओलांडून परत गेली. मी लॅपटॉपवरून मानही वर केली नाही.

टळटळीत दुपारी काकीची हाक आली. बाहेर येऊन बघते तर आमच्या बेड्यापाशी, फाटकाबाहेर, रिक्षा उभी, इंजिन चालू, आणि लेक रिक्षात न बसता खळ्याच्या कडेला उभी. दोन्ही हात पोटावर. चेहरा पांढराफटक. सकाळपासून पोटातलं बाळ हललं नव्हतं. त्यांना देवगडला डॉक्टरकडे जायचं होतं, पण लेक रिक्षात पाय टाकायला तयार नव्हती. दारात घातलेलं तिने ओलांडलं होतं. आमच्याकडे अशी समजूत आहे की ज्याने घातलं त्यानेच ते काढायचं, तेही शेवटाकडून सुरुवातीकडे. ते होईपर्यंत डॉक्टर काय करणार, असं काकीचं म्हणणं.

माझं डोकंच फिरलं. मी ओरडले. ही माझ्या कामाची ओळ आहे, करणी नाही, एकेक मिनिट मोलाचं आहे, आधी रिक्षात बस, असं नाही नाही ते बोलले. तिच्या दंडाला धरून ओढायलाही गेले. ती हलली नाही. हळूच म्हणाली, "आधी पूस गो. माझ्या पोराखातर पूस."

मग वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी बसले आणि उजवीकडून पुसायला लागले. दोन चिन्हं पुसली आणि माझा हात थबकला. उजवीकडून डावीकडे, एकेक चिन्ह घेत जायचं. यंत्र नेमकं हेच करतं. म्हणजे मी ती ओळ पुसत नव्हते, चालवत होते. आणि त्या दिवशीची ओळ कोणती, तेही मला तेव्हाच आठवलं. दोन टिंबांची चांदणी. तेच ते पुन्हा पुन्हा करत राहा, काही बदलेनासं होईपर्यंत, अगदी सगळं जिथल्या तिथे थांबेपर्यंत, असा तिचा अर्थ होता.

ऊन रणरणत होतं. समोरच्या माडांवर कावळा नाही, वारा नाही, रिक्षाचं इंजिनसुद्धा मला ऐकू येईना. अर्थ कोणी विचारू नये एवढंच मी मनात घोकत होते. चांदणीपाशी पोचले तेव्हा वाटलं, ओळ मधेच सोडून आत पळावं. पण सोडून चालणार नव्हतं. तळव्याने घासून घासून मी ती पुसली, खालचं शेण निघेपर्यंत.

"हाललां," ती म्हणाली.

रिक्षा गेली. डॉक्टरांनी तपासून ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मुलगी झाली, चांगली खणखणीत रडणारी. पोटातली बाळं कधी कधी बराच वेळ झोपून राहतात, असंही डॉक्टर म्हणाले. ते ऐकून मला केवढं हायसं वाटलं! मी ते आईला पुन्हा पुन्हा सांगितलं. आईने हो हो म्हटलं आणि खळं नव्याने सारवून घेतलं.

बारसं झाल्यावर एका दुपारी काकी लाडू घेऊन आली. आई आत पडली होती. काकी ओटीवर बसली, नातीचं कौतुक केलं, मला तोंड भरून आशीर्वाद दिले. मग सासरच्या गोष्टी निघाल्या. लेकीच्या जावेला दिवस गेले होते. आधीची दोन पोटं त्या जावेनेच खाल्ली, याबद्दल काकीला तिळभर शंका नव्हती. बोलता बोलता ती थांबली, आतल्या दाराकडे बघितलं, आणि माझ्याकडे सरकली.

"तिच्या दारात घालशीत?"

आवाजात राग नव्हता. मिरच्या वाळत घालशील का, असं विचारावं तसं तिने विचारलं होतं.

मी नाही म्हणाले. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हणाले. डबा रिकामा करून दिला, ती उठली, कडेकडेने निघून गेली. असल्या ओळींनी कुणाचं काही होत नसतं काकी, एवढं एक वाक्य तिला सांगायचं होतं. ते काही माझ्या तोंडून निघालं नाही.