ठिबकवरचे गिनी पिग

नातीचे दोन गिनी पिग आमच्या मळ्यात आले ते मार्चच्या शेवटी. मुलाचा बारामतीतला फ्लॅट गच्चीखालचा. दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो, आणि गॅलरीत ती जनावरं धापा टाकायला लागली. "उन्हाळ्यापुरती गावाकडं ठेव, आई," मुलगा म्हणाला. म्हणजे आमच्या अंथुर्ण्याला उन्हाळा नसतो अशी त्याची समजूत. आमचं घर पत्र्याचं. दुपारी घरात बसण्यापेक्षा दारातल्या कडुलिंबाखाली बसलेलं बरं, हे त्याला लहानपणी ठाऊक होतं. नोकरी लागल्यावर विसरला.

तर पिंजरा कडुलिंबाखाली. पोचवायला आलेल्या तिसरीतल्या नातीनं वहीचं पान फाडून सूचना लिहिल्या आणि माझ्या फ्रीजवर चिकटवल्या. सावली सरकते, म्हणून पिंजरा सरकवा. पाणी दोनदा बदला. बाटलीत बर्फ करून फडक्यात गुंडाळून आत ठेवा. आंघोळ घालू नका. आणि शेवटी, खाली दोन लाल रेघा मारून: मी रोज सहा वाजता व्हिडिओ कॉल करणार आहे. मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, पण इतकी धमकीवजा सूचना कुठल्या मुख्याध्यापकानं काढल्याचं मला आठवत नाही.

आमच्या ह्यांनी पहिल्या दिवशी पिंजऱ्याभोवती एक चक्कर मारली. एक तांबडा, एक काळा-पांढरा, दोन्ही घुशीएवढे, बिनशेपटीचे.

"दूध न्हाय, अंडी न्हाय, राखण बी न्हाय. मग ह्ये करतं काय?"

"खातं," मी म्हणाले.

"म्हंजे पावणाच की."

पण हे ऊसवाले. मळ्यात कुणाला ऊन लागतंय म्हटल्यावर ह्यांना बसवत नाही. चार दिवसांत पिंजऱ्यावर उसाच्या वाळल्या पाचटाचं छप्पर आलं, चांगलं वीतभर जाड. मग पश्चिमेच्या बाजूनं हिरवी शेडनेट लागली. इथवर सगळं ठीक होतं आणि मी कौतुकही केलं. तिथंच चुकलं माझं. कौतुक केलं की हे थांबत नाहीत.

"अगं, ड्रिपची लाइन हितनंच तर जाती," हे म्हणाले.

उसाच्या ठिबकचा पाइप खरंच कडुलिंबाच्या बुंध्यावरून जातो. ह्यांनी त्याला भोक पाडलं, नळी जोडली आणि रोपवाटिकेतून आणलेले दोन फॉगर छपराला टांगले. शेतीची लाइट आली की मोटर सुरू, उसाला पाणी आणि गिनी पिगांना धुकं. नातीनं ते फोनवर पाहिलं आणि टाळ्या वाजवत किंचाळली, "आबा, तुम्ही ग्रेट आहात!" दिवसातून चारदा बाटल्या गुंडाळणारी, काकडीच्या चकत्या कापणारी बाई त्याच फोनमागं उभी होती. मला राग आला, आणि नातीच्या कौतुकाचा हेवा वाटला, हे मी लपवत नाही.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी बर्फाची बाटली घेऊन बाहेर आले आणि बघते तर दोघंही पांढरे. तांबडासुद्धा. जणू एका रात्रीत म्हातारे झाले.

"अहोऽऽ!"

हे उसातून चिखलाच्या पायांनी पळत आले. गिनी पिगांकडं बघितलं, मग विहिरीजवळच्या खताच्या टाकीकडं, मग वर फॉगरकडं. मला काही विचारावं लागलं नाही. सकाळी ह्यांनी ठिबकच्या पाण्यातून उसाला खत सोडलं होतं. भाजीत मीठ टाकताना माझा हात जसा आपोआप डब्याकडं जातो, तसा ह्यांचा हात पंधरवड्याला त्या टाकीकडं जातो. त्याच लाइनवर आता आणखी दोन जीव आहेत, हे हाताच्या लक्षात कुठून राहणार?

"खत हाय, विष न्हाय," हे पुटपुटले. "उसाला चालतंय की."

"ते काय ऊस आहेत?"

काळा-पांढरा कोपऱ्यात थरथरत होता. तांबड्यानं अंग चाटलं असावं. तो कुशीवर पसरला होता आणि पोट भराभर हलत होतं. मी आमच्या गायीच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सवयीनं आधी "गाभण आहे का?" विचारलं. प्रकरण समजल्यावर म्हणाले, "साध्या पाण्यानं धुवा, बर्फाचं नको. लगेच कोरडं करा. वाऱ्याला ठेवा, तोंडात थेंब थेंब पाणी सोडा. संध्याकाळपर्यंत काही खाल्लं तर वाचलं म्हणा."

आंघोळ घालू नका, असं फ्रीजवर लिहिलेलं होतं. मी फ्रीजकडं पाठ केली आणि घमेल्यात पाणी ओतलं. काळा-पांढरा मला कडाडून चावला, तेव्हा हा ठणठणीत आहे याची खात्री पटली. तांबडा चावला नाही. हातात नुसता लोंबत राहिला.

ह्यांनी मोटर बंद केली. लाइट असताना, ऐन मे महिन्यात, मोटर बंद! मग तांबड्याला आपल्या टॉवेलात घेऊन कडुलिंबाखाली बसले आणि पुठ्ठ्यानं वारा घालू लागले. पुठ्ठा खताच्याच खोक्याचा होता. भाकरी तशीच राहिली. मी दर अर्ध्या तासानं बाहेर येऊन बोलून जात होते, आणि हे एका शब्दानंही उलटून बोलत नव्हते. त्यानं मला जास्त धास्ती वाटली.

साडेपाचला ह्यांनी मान वर केली.

"तिला सांगू नगंस. रेंज न्हाय म्हन."

कारखान्याच्या सभेत उठून भल्याभल्यांना गप्प करणारा हा माणूस तिसरीतल्या पोरीला घाबरला होता. खरं तर मी दुपारीच ठरवलं होतं, फॉगरसकट सगळं सांगायचं, 'ग्रेट'ची पार हवा काढायची. पण ते तोंड बघून माझा राग ओसरला. "बरं, म्हणते," मी म्हणाले.

सहाच्या ठोक्याला फोन वाजला. मी उचलला, रेंजचं बोलायला तोंड उघडलं, आणि ह्यांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"बाळा, तांबड्याला बरं न्हाय. म्या ड्रिपमधनं खत सोडलं, त्ये त्याच्या अंगावर उडालं. माजं चुकलं."

पलीकडून बारीक आवाजात, "मला दाखवा." ह्यांनी फोन वळवला. "आबा, कोथिंबीर नाकाशी धरा. फोन जवळ न्या."

मी धावत कोथिंबीर आणली. फोनमधून नात जिभेनं टक् टक् आवाज काढू लागली. बराच वेळ काही झालं नाही. मग तांबड्याचं नाक हललं. एक पान देठाकडून हळूहळू आत जाऊ लागलं. ते गेलं, दुसरं गेलं. ह्यांनी टॉवेलानं डोळे पुसले, गिनी पिग टॉवेलातच असताना.

मीही रडले. पण रडता रडता माझ्या डोक्यात एक गोष्ट शिरली. आमच्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली. ह्यांनी न विचारता माझी म्हैस विकली, एकदा तर इंदापूरच्या स्टँडवर मला विसरून घरी आले. पण 'माजं चुकलं' हे शब्द आजवर माझ्या कानांवर पडले नव्हते. मी पदरानं डोळे पुसले आणि फोन घेतला.

"थांब गं बाळ, ठेवू नकोस," मी नातीला म्हणाले. "आबांना सांग, आत्ता बोललात ते पुन्हा एकदा बोला. आज्जीकडं बघून."