शेवटच्या ओळीतला तिरका माणूस

माझे अब्बा पस्तीस वर्षं मोजणी खात्यात होते. लोकांच्या जमिनींच्या हद्दी सुतासारख्या सरळ आखणारा हा माणूस नमाजेला मात्र शेवटच्या ओळीत, चपलांच्या मांडणीजवळ, जरा उजवीकडे वळून उभा राहायचा. आम्ही बायका वरच्या सज्ज्यात. तिथून पाहिलं की सगळ्या ओळी नीट आणि टोकाला अब्बा तिरके. "मोजणीसाहेबांनाच सरळ रेघ दिसत नाही," म्हणून लोक हसायचे. अब्बा गुडघ्याचं कारण सांगायचे. मीही त्यांना कमी चिडवलेलं नाही.

मशिदीत ज्या भिंतीकडे तोंड करून सगळे उभे राहतात, ती माझ्या आजोबांनी बांधलेली. आजोबा गवंडी. मक्केतल्या काबाची दिशा त्यांनी जाणत्यांना विचारून, तारे बघून ठरवली होती. पहिली वीट ठेवताना ते रडले होते, असं अजून सांगतात.

मग लोकांच्या हातात फोन आले. गेल्या वर्षी चार पोरांनी चार फोन काढले. काबा दाखवणारे चार बाण, चार दिशा, आणि एकही भिंतीकडे नाही. एका शुक्रवारी पहिल्याच ओळीत निम्मे सरळ, निम्मे वळून उभे राहिले. नमाज संपताच कॉलरी धरल्या गेल्या.

"म्हणजे बापजाद्यांच्या नमाजा वाया गेल्या?" म्हातारे ओरडत होते.

"अल्लाहने अक्कल काय कुलपात ठेवायला दिलीय?" पोरं म्हणाली. त्यांनी वेगळ्या नमाजेसाठी एक हॉलही बघून ठेवला होता.

मशीद दुभंगायची वेळ आली, तेव्हा इमामसाहेबांनी मोजणी अब्बांवर सोपवली. म्हातारे खूश. बापाची भिंत मुलगा थोडीच वाकडी ठरवणार! मोजणीच्या आधीच्या आठ दिवसांत अब्बांच्या घशाखाली घास उतरेना. मला काही कळेना, विचारलं की खेकसायचे.

"फोन ठेवा खिशात," त्यांनी पोरांना सांगितलं. "स्लॅबमधल्या लोखंडाने होकायंत्र फिरतं. वर्षातून दोनदा सूर्य काबाच्या बरोबर डोक्यावर येतो. त्या मिनिटाला इथली सावली काबाच्या बरोबर उलट पडते, तीच रेघ खरी दिशा सांगते. आपल्या लोकांना हे शेकडो वर्षं ठाऊक आहे."

तो दिवस आला. अंगणात तीन काठ्यांचं तिकाटणं उभं करून त्यांनी आजोबांचाच ओळंबा टांगला. मी सज्ज्याच्या खिडकीत, गजांना घट्ट धरून. इमामसाहेबांनी घड्याळ बघून हात वर केला, आणि अब्बांनी दोरीच्या सावलीवरून भिंतीच्या दिशेने खडू ओढला. रेघ भिंतीच्या बरीच उजवीकडे चालली होती.

"दोरी हलली! पुन्हा मोजा," एक म्हातारा ओरडला.

"पुन्हा कशाला?" अब्बा म्हणाले. "नोकरीला लागलो त्याच वर्षी मी मोजलं होतं. अकरा अंशांचा फरक. तेव्हा वडील हयात होते, त्यांना सांगायची हिंमत झाली नाही. ते गेल्यावर तर मुळीच झाली नाही."

म्हणजे अब्बांच्या गुडघ्याला कधी काही झालंच नव्हतं.

इमामसाहेब रेघेजवळ उकिडवे बसले. "भिंत पाडायची नाही. गालिचे फिरवू," ते म्हणाले. "तुमच्या वडिलांनी मनापासून शोधलं आणि चुकले. त्यांच्या नमाजेला धक्का नाही. त्यांच्या भिंतीकडे तोंड करून पढलेल्यांच्या नमाजेलाही नाही."

"आणि माझं?" अब्बांनी विचारलं.

"तुम्हाला सापडलं होतं. एवढी माणसं रोज समोर असताना गप्प बसलात. त्याचा जाब मी विचारणार नाही. पण तो तुम्हाला वर विचारला जाईल."

अब्बांनी मान हलवली आणि ओळंब्याची दोरी गुंडाळायला घेतली. मला इमामसाहेबांचा भयंकर राग आला, आणि त्यांचं बरोबर आहे याचा त्याहून जास्त.

पुढच्या शुक्रवारी गालिचे फिरवलेले होते, कोपऱ्यात उघडी फरशी दिसत होती. म्हातारे आणि पोरं खांद्याला खांदा लावून उभे राहिले, हॉलचं नावही कुणी काढलं नाही. मी सवयीने शेवटच्या ओळीच्या टोकाकडे पाहिलं. इतकी वर्षं मी अब्बांना तिरकेपणावरून ओळखत आले होते. आता सगळेच त्यांच्यासारखे वळून उभे होते, आणि मला माझे अब्बा सापडेनात.