खंडेनवमीचा चिमटा

माझी बायको सुप्रभा इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीत सर्जन आहे. मी क्लबात पॉइंट टू-टू बोअरच्या छोट्या पिस्तुलानं नेमबाजी करायचो, तेव्हा खंडेनवमीला ते पिस्तूल पाटावर असायचं. सत्त्याण्णवच्या कायद्यानं इथे पिस्तुलांवर बंदी आली, तेव्हा ते पोलिसांकडे जमा केलं. आता पाटावर तिचा गोळी काढायचा चिमटा असतो.

२००५ च्या पूजेला तिचा धाकटा भाऊ अविनाश टेक्सासहून आला. न विचारता शिकवायची खोड त्याला तिकडेच लागली. पाटावरचा चिमटा बघून माझ्या जुन्या पिस्तुलाचा विषय निघाला.

"टू-टू म्हणजे खेळणं, भावोजी! टार्गेटवर ठीक आहे. सेल्फ-डिफेन्सला फोर्टी-फाइव्हच हवी."

सुप्रभानं त्याच्या हातातला पेढा हिसकावून घेतला.

"मूर्खा! काल एक पोरगा आला होता. त्याच खेळण्याची गोळी. बाहेर शेंगदाण्याएवढं भोक आणि आत लिव्हरच्या चिंध्या. मनगटापर्यंत हात घालून रक्त उपसलं मी. शेवटी गेलाच."

अविनाश ओशाळला. "गँगवाल्यांनी मारलं का, ताई?"

"बापानं मारलं. पोरगा किल्ली विसरला म्हणून मागच्या खिडकीतून घरात शिरला. बापाला चोर वाटला. चोरून आणलेलं पिस्तूल उशाशीच होतं, तुझ्या त्या सेल्फ-डिफेन्ससाठी."