काडतुसांना दाखवलेलं ऊन

माझी मुलगी पिस्तूल चालवते, हे आमच्या सोसायटीत फार कोणाला माहीत नाही. मीच सांगत नाही. सांगितलं की लोक आधी डोळे मोठे करतात आणि मग हळूच विचारतात, घरातच ठेवता? घरातच ठेवतो. परवाना तिच्या नावावर आहे, लोखंडी कपाट तिच्या खोलीत आहे, आणि त्या कपाटाची दुसरी किल्ली माझ्या स्वयंपाकघरात, मिसळणाच्या डब्यामागे असायची. नवरा उरणला कंटेनर यार्डात शिफ्टमध्ये असतो. तो पहिल्या दिवसापासून म्हणत आला, तुमचं तुम्ही बघा. म्हणून मी बघत होते, आणि जरा जास्तच बघत होते.

बाहेरच्यांना वाटतं, गोळी म्हणजे गोळी, त्यात निवडायचं काय? नेमबाजीत तसं नसतं. एकाच कंपनीची, एकाच रंगाच्या डब्यातली काडतुसं असली तरी डब्यावरचा लॉट नंबर बदलला की पिस्तुलाचं वागणं बदलतं. एकीच्या पिस्तुलाला जो लॉट मानवतो तो दुसरीच्या पिस्तुलाला मानवेलच असं नाही. म्हणून पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवायचं, प्रत्येक लॉटच्या दहा-दहा गोळ्या वेगळ्या कागदावर मारायच्या आणि कुठल्या कागदावरची भोकं सगळ्यात जवळजवळ पडली ते बघायचं. लेकीला याचा भयंकर कंटाळा. मला मात्र निवडायचा भारी सोस. वर्षाचे तांदूळ मी अजून एपीएमसीतून आणते आणि ताटात घेऊन एकटीनं निवडते. शिवाय शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी, त्यामुळे मोजमापाची खोड हाडात मुरलेली. पट्टी घेऊन ते कागद मीच मोजले. एका लॉटची दहाही भोकं दहाच्या नाण्याखाली झाकली गेली तेव्हा मला कोण आनंद झाला होता. त्या लॉटचे सहा डबे मिळाले, मग तो संपला. ते सहा स्पर्धेसाठीच ठेवायचे असं ठरलं आणि मी ते कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर, आत सरकवून ठेवले.

त्या फळीमागची भिंत बाथरूमची आहे. पावसाळाभर तिला ओल धरते. इतकी वर्षं त्या घरात राहून हे माझ्या लक्षात राहू नये, याला काय म्हणावं.

पाऊस सरल्यावर मी कपाट उघडलं तर डबे मऊ पडले होते. पुठ्ठ्याला खाडीच्या दमट वाऱ्याचा वास होता. सात-आठ काडतुसांच्या पितळेवर हिरवट ठिपके दिसले. स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती. आदल्या वर्षी लेक थोडक्यात हुकली होती आणि नंतर आठवडाभर धड जेवली नव्हती. त्या वेळी तिला हाक मारून डबे दाखवायचे, एवढंच करायचं होतं. पण डबे तिथे ठेवले होते मी, आणि माझ्यामुळे तिची स्पर्धा गेली हे ऐकायची माझी तयारी नव्हती. मी स्वयंपाकघरात स्टीलचं ताट घेतलं आणि तीनशे काडतुसं तांदळासारखी निवडली. हिरवट होती ती बाजूला काढली. बाकीच्यांच्या शिशावर एक मेणचट थर होता. तो मला मळ वाटला, म्हणून जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसून टाकला. मग दोन दिवस दुपारी गॅलरीत ताटं मांडली, वरून ओढणी घातली आणि खुर्ची टाकून राखण करत बसले. घरात काहीही दमट झालं की आमच्याकडे त्याला ऊन दाखवतात. गाद्यांना दाखवतात, डाळींना दाखवतात. मी काडतुसांना दाखवलं. चार वाजता ताटं आत आणताना पितळ हाताला चटके देत होतं, आणि मला वाटलं, छान सुकली. ती पुन्हा डब्यांत भरून मी कपाटात ठेवून दिली. तेव्हा मला जराही भीती वाटली नाही. आज सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते.

भीती सुरू झाली ती आठवड्यानं. पनवेलच्या पलीकडे तिची रेंज आहे. तिथले सर मूळचे दिवाळे गावचे, कोळीवाड्यातले. ते नव्या मुलांना समजावत होते आणि मी मागच्या बाकावर जेवणाचा डबा उघडून बसले होते. काडतुसातली दारू खराब झाली की कधीकधी गोळी उडते पण बाहेर पडत नाही, नळीतच अडकते, असं ते सांगत होते. शूटरला कळत नाही. तो पुढची मारतो. मग ती आतल्या गोळीवर जाऊन आदळते आणि नळी फाटते.

"आन् आपला हात तिथंच हाय," सर म्हणाले. "आवाज बारीक आला का थांबायचं. पयला नळी बगायची, मंग बाकीचं."

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, काडतुसं खराब होतात कशानं? ओलीनं होतात, ते म्हणाले, आणि तापल्यानंही. गाडीत उन्हात ठेवू नका म्हणून सगळ्यांना बजावतो. शिशावरचं मेणसुद्धा जाता कामा नये. माझ्या तोंडातला घास तोंडातच राहिला. तिन्हींपैकी मी एकही सोडलं नव्हतं.

त्या दिवशी लेक छान खेळली होती. येताना रिक्षात गुणगुणत होती. मी ठरवलं, आज नको, उद्या सांगू. उद्या पुन्हा उद्यावर गेलं. शाळेत परीक्षानळ्या धुताना माझी नजर माझ्याच बोटांवर जायची आणि त्या जागी तिची बोटं दिसायची. अखेर मी ठरवलं की न बोलता डबेच काढून घ्यायचे आणि ओलीनं गेले म्हणायचं. ही पळवाट होती आणि ती मला आवडली होती. शनिवारी किल्ली घेऊन कपाट उघडलं तर सहाच्या जागी चारच डबे होते.

दोन तिच्या बॅगेत गेले होते. स्पर्धेच्या राउंडची आतापासून सवय करते, ती म्हणाली. रेंजवर काडतुसांना राउंडच म्हणतात. मी म्हटलं, अजून सरावाचेच वापर, घाई काय आहे? तिनं बॅगेची चेन ओढता ओढता माझ्याकडे पाहिलं.

"तूच निवडलेत ना, आई? मग मला कसलं टेन्शन?"

मी तिची पाण्याची बाटली भरायला घेतली. ते गप्प बसणं मी स्वतःला आजही माफ केलेलं नाही.

रविवारी सकाळी मी तिच्याबरोबर गेले. काय करणार होते, मला माहीत नव्हतं. नेहमीसारखी लाल रेषेच्या मागे दुर्बिणीला डोळा लावून बसले. भोकं मोजायचं काम माझंच असतं. पहिल्या दोन मालिका नीट गेल्या. मग जलद फेरी लागली. त्या फेरीचं कोष्टक मला पाठ आहे: टार्गेटजवळ हिरवा दिवा तीन सेकंद लागतो, तेवढ्यात हात वर करून एक गोळी मारायची, मग सात सेकंद लाल दिवा, हात खाली. असं पाच वेळा. पहिली गोळी, भोक. दुसरी, भोक. तिसरीला शेजारच्या लेनमधली मुलगीही मारत होती, त्या दोन्ही आवाजांत मला फक्त एक 'फुस्स' ऐकू आलं. दुर्बिणीत पाहिलं. भोकं दोनच होती.

लाल दिवा लागला होता. तिच्या कानांवर आवाज अडवणारे मफ होते. पिस्तुलातून रिकामी पुंगळी बाहेर पडली नाही एवढंच तिला दिसलं असणार, कारण तिनं खिशातला डावा हात काढला, पिस्तुलाची वरची पट्टी मागे ओढली आणि पुढची गोळी चढवली. घाईत सगळेच असं करतात. मला ओरडायचं होतं. पण इतक्या मागून मफमधून तिला ऐकू गेलं नसतं. सात सेकंदांतले किती गेले ते कळेना. मी उठले, दुर्बीण पडली, आणि जी लाल रेषा कोणीही ओलांडायची नसते ती ओलांडून मी तिच्या मागे गेले आणि तिच्या खांद्यावर हात दाबला.

"थांब. मारू नकोस. नळीत गोळी आहे."

हिरवा दिवा लागला आणि विझला. तिचा हात खालीच राहिला. सरांनी सगळ्या लेन थांबवल्या. त्यांनी मॅगझीन काढली, चढवलेली गोळी काढली, पुढून पितळी सळी नळीत घातली. ती अर्ध्यातच अडली. त्यांनी सळीवर नखानं खूण केली आणि तिला दाखवली, मला नाही.

त्यांनी विचारलं, राउंड ठेवले होते कुठे? लेक म्हणाली, कपाटात, नीट बंद. तेव्हा मला बोलावं लागलं. मी सगळं सांगितलं: भिंत, ताट, फडकं, ऊन. मी बोलत असतानाच सरांनी बाक पुढे सरकवला.

"कोनी सांगितलं होतं, ताई, तुमाला ऊन दाखवायला?" ते म्हणाले. रागावून नाही. खरंच कळत नसल्यासारखं. ओल, ऊन की पुसणं, नक्की कशानं झालं हे सांगता येणार नाही असंही म्हणाले. मला त्यातून सुटका नको होती.

उरलेले सगळे राउंड तिथेच जमा केले. रिक्षात ती गुणगुणली नाही. तिचा उजवा हात मांडीवर होता आणि मी त्याच्याकडेच बघत बसले होते. पाचही बोटं होती. नेरुळ आलं तेव्हा ती बोलली.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"नऊ दिवस."

"सांगितलं का नाहीस?"

मला भीती वाटली, मी म्हटलं. तुझी स्पर्धा जाईल याची, तू मला बोलशील याची. तिनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हात माझा होता, आई. भीती मला वाटायला हवी होती. तू ती माझ्यापर्यंत येऊच दिली नाहीस."

घरी आल्यावर मी मिसळणाच्या डब्यामागची किल्ली काढून तिच्यासमोर ठेवली. तिनं ती घेतली, आपल्या किल्लीच्या कडीत अडकवली आणि परत दिली नाही. स्पर्धेला ती दुसऱ्याच लॉटनं खेळली. तो लॉट तिनं एकटीनं निवडला. कागद समोर टाकून फक्त पट्टी माझ्याकडून मागून घेतली.